रुपयाएवढं कुंकू

मला लोक गुंडा फोटोवाला म्हणतात. सांगलीहून निघायचं आणि जत, आटपाडी, वडूज असं बाजारांच्या मागोमाग फिरायचं. सायकलीच्या कॅरेजवर लाकडी पेटी, तिच्यावर आडवी बांधलेली तीन पायांची घोडी आणि हँडलला काळ्या कापडाचं बोचकं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा कुणाच्या तरी मर्तिकाचं सामान घेऊन चाललाय. मी कधी कुणाला समजावत बसलो नाही.

त्याआधी सात वर्षं मी सांगलीत नाटकाचे पडदे रंगवत होतो. राजवाडा, जंगल, रस्ता, पुन्हा राजवाडा. वस्ताद म्हणायचे, गुंड्याचा हात बारीक कामाला चांगला. हात चांगला होता, पण जीव विटला होता. मिरजेच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्यानं धंदा सोडला तेव्हा त्याची पेटी मी घेतली. पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की इतकी वर्षं आपण उगाच भिंती रंगवत बसलो होतो.

जतच्या बाजारात बिराप्पा धनगर आला. त्यानं बायकोला, हरणाबाईला, बाजूला सारलं आणि एडका शेजारी उभा केला. म्हणाला, “हिचं काय, ही रोज दिसतीया.” हरणाबाईनं त्याला कानडीत जे ऐकवलं ते मला कळलं नाही, पण ऐकवताना तिचं तोंड जे झालं ते मला सोडवेना. मी पेटी तिच्याकडं फिरवली आणि भिंगावरची टोपी उचलली. आटपाडीत एक आंधळा दोरखंडवाला भेटला. आपला फोटो आपल्याला दिसणार नाही हे ठाऊक असून गडी मुद्दाम दाढी करून आला होता. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांतून हळद काढणारे सहा गडी एका रांगेत उभे केले. पिवळेजर्द होते, फोटोत कोळशासारखे काळे आले आणि माझ्या अंगावर धावले. माझ्या कागदाला लाल आणि पिवळं दिसत नाही, दोन्ही काळंच येतं, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा बसला.

टोपी उचलायची आणि तीन आकडे म्हणायचे. तेवढ्या वेळात समोरचा माणूस सगळाच्या सगळा माझ्यासमोर असतो. लोकांना मी सांगतो, पोटासाठी करतो. खरं म्हणजे मला आनंद होतो, आणि तो कुणापाशी कबूल करायची लाज वाटते. माझ्या पेटीत आधी उलटा फोटो निघतो, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. त्या उलट्याचा पुन्हा फोटो घेतला की सुलटा. सुलटा गिऱ्हाइकाला द्यायचा, उलटा आपल्या ट्रंकेत ठेवायचा. मागं नाव आणि गाव लिहायचं. मुक्कामाला पोचलो की मी ते पसरून बघत बसायचो.

चव्वेचाळीस सालच्या पौषात वडूजच्या बाजारात एक शेलाटा, पांढऱ्या फेट्याचा माणूस माझ्याकडं आला. नाव नानासो. गाव तिथून तीन कोसांवर. म्हणाला, पुतण्या पलटणीत आहे, ब्रह्मदेशाच्या तोंडावर, त्यानं आईचा आणि बापाचा फोटो मागितलाय. त्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी सायकल हातात धरून त्याच्याबरोबर चालत निघालो.

वाटेत त्यानं सांगितलं, की पोराचा बाप, हंबीरराव, श्रावणातच पटकीनं गेला. पोराला अजून कळवलेलं नाही.

“पोरगं तोफंच्या तोंडाला हाय,” नानासो म्हणाला. “येकुलतं येक. तितं ह्ये कळलं तर हात चालंल व्हय त्येचा? लढाई सरली की सांगू. तुजं आबा खरसुंडीला बैलं आनाय गेल्यात, आसं लिवनार हाय म्या. नुसता आयचा धाडायचा.”

मला ते बरोबरच वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

बनुबाई, म्हणजे त्या पलटणीतल्या पोराची, ज्ञानूची आई, आमच्या आधीच तयार होऊन बसली होती. भिंतीला नवा पोतेरा फिरवलेला, खाली घोंगडं अंथरलेलं. पन्नाशीची बाई. उन्हानं रापलेला चेहरा आणि कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा गोल फिका डाग. तीस वर्षं मेण लावून त्यावर कुंकू बसवलेलं, त्यामुळं तेवढ्या कातडीला ऊनच लागलं नव्हतं. कुंकू पुसून चार-पाच महिने झाले तरी जागा तशीच उरली होती.

नानासो घुटमळला. मग म्हणाला, “वैनी, जरा कुंकू लाव. फोटोपुरतं.”

“मेल्यालं मानूस फोटोपुरतं जित्तं हुतंय व्हय, भावजी?”

“पोराच्या जिवासाठनं म्हनतुया.”

“म्याबी त्येच्याच जिवासाठनं म्हनते,” बनुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. “कागद तुमी लिवता. त्यात काय लिवता, मला ठावं न्हाई. मला लिवाय येत न्हाई, वाचाय येत न्हाई. ह्यो फोटो माजा कागद हाय. माजं कपाळ बगितलं की त्येला समदं कळंल. खालच्या आळीचं पोर बाप मेला तवा रजंवर आलं का न्हाई? ज्ञानूबी यील.”

ती माझ्याकडं वळली. “कुंकू लावल्यालं आसलं तर तुज्या मशीनीत कसं दिसतंय रं?”

“काळं दिसतंय, मावशी. लाल समदं काळं येतंय.”

“मग कपाळ मोकळं दिसंल न्हवं?”

“लख्ख दिसंल.”

तिनं पदर बोटभर मागं सारला. हात पदराखाली घेतले, पाठ ताठ केली आणि सरळ भिंगात बघितलं. भिंगाला बघून बायका लाजतात, हसतात, तोंड वळवतात. ही तशी बघत नव्हती. तिच्यासमोर भिंग नव्हतंच, पोरगा होता.

“जशी हाय तशी काढ, बाबा.”

“जशी हाय तशीच येनार,” मी म्हणालो. “माजी पेटी खोटं बोलत न्हाई.”

टोपी उचलली आणि तीन म्हटलं. असा चेहरा मला दहा वर्षांत मिळाला नव्हता. फोटो धुऊन वाळवून तिच्या हातात दिला तेव्हा तिनं तो बराच वेळ धरला, कपाळावर बोट टेकवलं आणि नानासोकडं दिला. “धाडा,” म्हणाली.

नानासो मला पोचवायला निघाला. गावाबाहेरच्या विहिरीपाशी तो थांबला.

“पावनं, तुमी आदी नाटकाचं पडदं रंगवत व्हता म्हनं.”

तो काय मागतोय ते मला लगेच कळलं. मी नाही म्हणालो. बाईला शब्द दिलाय म्हणालो. दोन वेळा म्हणालो. तेव्हा तो माणूस विहिरीवरच्या मोटेच्या थारोळ्यावर बसला आणि फेट्याच्या शेवानं तोंड झाकून रडायला लागला.

“माजा भाऊ ह्या हातांवर गेला. त्येचं येवढं येकच पोर ऱ्हायलंय. वैनी म्हनती, रजा मिळतीया. कुनाला मिळतीया? धा जनांत येकाला. बाकीचं तितंच बसून रडत्यात. ह्ये रडत बसलं आन गोळी लागली तर मी कुनाला तोंड दावू?”

नानासो लबाड माणूस नव्हता. लबाड असता तर मी सायकलीवर टांग टाकून गेलो असतो.

मी दगडावर बसलो. बोचक्यातून सवयीनं बाळगलेली रंगांची जुनी डबी काढली. काळा रंग डिंकाच्या पाण्यात खलला, ब्रशाला बारीक टोक केलं. जागा तर तयारच होती. तो फिका गोल, कडा आखून दिल्यासारखा. मला फक्त भरायचा होता. आणि खोटं कशाला सांगू, भरताना मला आनंद झाला. पडदे सोडल्यापासून हाताला ते काम मिळालं नव्हतं. वरच्या अंगाला मी केसाएवढी रेघ मोकळी ठेवली. मेणावरच्या कुंकवाला उन्हात जी चकाकी येते ती यावी म्हणून. फोटो लांब धरून बघितला आणि स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटलं.

“वैनी हुबेहूब आली,” नानासो म्हणाला. “सवाष्ण व्हती तशी.”

दुसऱ्या दिवशी त्यानं तो वडूजच्या पोस्टात टाकला. बनुबाईचा उलटा फोटो माझ्या ट्रंकेत गेला. काळा चेहरा, आणि कपाळावर आणखी काळा गोल, म्हणजे तो फिका डागच. त्याच्यावर मी काही केलेलं नव्हतं.

पुढं दोन वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. कागद मिळेना, औषधं मिळेनात. सांगलीतच घाटावरच्या पैलवानांचे आणि लग्नाळू पोरांचे फोटो काढून दिवस काढले. मधूनमधून ट्रंक उघडली की बनुबाई हाताला लागायची. पोरगा आला असेल का, असं मनात यायचं, आणि मी पुढचा फोटो बघायचो.

सेहेचाळीसच्या हिवाळ्यात पुन्हा वडूजला गेलो तर बाजारात भाजी विकणारी एक बाई सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. “तू गुंडा फोटोवाला न्हवं? बनुबाईनं सांगावा ठेवलाय. आलास की तसाच ये म्हनली.”

मला बरं वाटलं. पोरगा परत आला असेल, मायलेकरांचा एकत्र फोटो काढायचा असेल, असं मनात धरून तीन कोस मी जवळजवळ शीळ घालत गेलो. त्या शिळेची आठवण झाली की अजून मान खाली जाते.

अंगणात तिघं बसली होती. बनुबाई भिंतीला टेकून. नानासो उंबऱ्याजवळ, दोन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. आणि एक खाकी स्वेटर घातलेला तरुण गडी. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली होती. तो शेजारच्या वाडीचा तात्याबा, ज्ञानूच्या पलटणीतला. बनुबाईनं त्यालाही माझ्यासाठीच बोलावून घेतलं होतं. भाजीवालीनं मी दिसल्याबरोबर निरोप पुढं धाडला होता.

“ज्ञानू कुटं हाय, मावशी?” मी विचारलं.

“तितंच ऱ्हायला,” ती म्हणाली. “बस. तात्याबा, मला सांगितलंस ते परत सांग. ह्येला ऐकू दे.”

तात्याबा जमिनीकडं बघत बोलला. “माज्या घरनं कागद आला व्हता. त्यात व्हतं, हंबीरतात्या पटकीनं गेलं. म्या ज्ञानूला सांगितलं. त्यो म्हनला, माज्या घरचं कागद येत्यात, त्यात तर आबा बरं हायती आसं आसतंय. लय इचार केला त्येनं. मग म्हनला, फोटो मागवतो. कागदात कुनीबी कायबी लिवंल, फोटोत खरं कळंल.”

मायलेकरांनी, शेकडो कोसांच्या अंतरावर, एकच गोष्ट मनात धरली होती.

“सुभेदारसायेब आमच्याच मुलखातलं,” तात्याबा पुढं म्हणाला. “म्हनलं, बाप गेला आसंल तर येकुलत्या पोराला सोडतो, फुडच्या लारीत बस. ज्ञानूनं पिशवी भरली व्हती. त्या दिशीच फोटो आला. सायबांनी बगितला आन हासलं. म्हनलं, आरं येड्या, आयच्या कपाळाला रुपयायेवढं कुंकू हाय, आन तुजा बाप कुटला मेलाय? ज्ञानूबी हासला. समद्या पलटनीला फोटो दावत फिरला. मला म्हनला, गड्या, तुज्या घरच्यांस्नी लिवाय शिकीव.” तात्याबानं नाक पुसलं. “लारी गेली. त्येच्या जागी दुसरा बसला. मग वाटाच बंद झाल्या. मग पाऊस. चार म्हैने अंगावरचं कापड वाळलं न्हाई. आमचं समद्यांचं कागद कुजून गेलं. ह्येनं फोटो मेणकापडात घालून छातीला बांदला व्हता. सोता भिजायचा, पर त्येला थेंब लागू दिला न्हाई. भादव्यात गोळी लागली. म्या त्येच्या अंगावरनं काढून आनला.”

बनुबाईनं पदराखालून मेणकापडाची घडी काढली, उलगडली आणि फोटो माझ्यासमोर धरला. काल काढल्यासारखा होता. कुंकू चकाकत होतं. मी ठेवलेली केसाएवढी रेघसुद्धा जागेवर होती.

“म्या कुंकू लावलं नव्हतं,” ती म्हणाली. “तू व्हतास. तू बगितलंस. तू माज्या हातात दिलास तवा कपाळ मोकळं व्हतं. भावजी म्हनत्यात, मशीनीत काढल्यालं चार दिसांनी आपसुक काळं पडतंय, डाग आसला की तितंच पडतंय. म्या आडानी बाई. मला ठावं न्हाई. ज्येची मशीन हाय त्येलाच इचारावं म्हनून तुला बलिवलं. खरं हाय का?”

नानासोनं माझ्याकडं बघितलं. जन्मभर ज्या घरात राहायचं त्या घराची शेवटची भिंत मी पाडणार की ठेवणार, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. मी एक ‘व्हय’ म्हणालो असतो तर दोघं सुटलो असतो. ती मशीनला शिव्या देत मेली असती. पडतं बुवा कधीकधी काळं, असं म्हणायला जीभ उचललीही होती.

मग माझं लक्ष तिच्या कपाळाकडं गेलं. तो फिका गोल आता उन्हानं भरत आला होता. फोटोशिवाय आता कुठं तो दिसणार नव्हता.

मी फोटो हातात घेतला. अंगठा जिभेला लावला आणि कुंकवावर फिरवला. डिंकाचा रंग तो, कागदात मुरलेला नव्हताच. एकदा फिरवला, पसरला. दुसऱ्यांदा फिरवला, निघाला. खालून तिचं मोकळं कपाळ वर आलं, मी भरलेल्या त्या फिक्या गोलासकट. माझा अंगठा काळा झाला.

“म्या लावलं व्हतं, मावशी,” मी म्हणालो. “हिरीवर बसून.”

नानासोनं गुडघ्यांत डोकं घातलं. तात्याबा उठला, अंगणाच्या कडेला गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. बनुबाई माझ्या अंगठ्याकडं बघत होती. तिनं माझा हात धरून जवळ ओढला आणि नीट बघितला, काटा मोडलाय का बघावा तसा.

“येवढ्यानं निगत व्हतं?”

“व्हय.”

“थुकीनं?”

“व्हय, मावशी.”

“आन त्येनं येक थेंब लागू दिला न्हाई,” ती तात्याबाच्या पाठीकडं बघून म्हणाली. “चार म्हैने पावसात.”

तिनं शिव्या दिल्या असत्या, चपलेनं मारलं असतं, तर मी उभा तरी राहिलो असतो. ती आत गेली, तोंडावर पाणी मारून बाहेर आली आणि भिंतीपाशी त्याच जागेवर बसली. पदर बोटभर मागं सारला. हात पदराखाली घेतले.

“काढ,” म्हणाली. “जशी हाय तशी.”

मी घोडी उभी केली. कागद दोनदा खाली पडला. भिंगातून तिचा चेहरा बघितला, टोपी उचलली आणि एक म्हटलं. आणि दोन म्हणता म्हणता तो मेला आनंद पुन्हा अंगात आला. इतकं होऊनही आला. असा चेहरा मला पुन्हा मिळणार नाही, हे माझ्या हाताला माझ्याआधी कळलं होतं. मला माझी किळस वाटली. तरी मी तीनपर्यंत पुरे मोजलं, कारण फोटो बिघडू द्यायचा नव्हता.

फोटो लख्ख आला. या खेपेला उलटाही मी ठेवला नाही, तिच्यासमोर फाडला. तिनं ओला फोटो वाऱ्यावर धरून वाळवला, एकदा कपाळ बघितलं आणि उंबऱ्यापाशी जाऊन नानासोपुढं धरला.

“भावजी, धाडा.”

नानासोनं तो दोन्ही हातांनी घेतला. कुठं धाडायचा, हे विचारायची छाती आम्हा तिघांपैकी कुणाचीच झाली नाही.